६४१ आकाशातून पडलेला नाही

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: लेखात आम्ही ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या, म्हणजे २^३२ + १, संयुक्त म्हटली, पण तुमच्या प्रोग्रॅममध्ये तिला ६४१ने भागल्यावर बाकी १ येते. शिवाय २च्या कसोटीत (२चा 'संख्या वजा १' इतका घात घ्यायचा आणि त्याच संख्येने भागायचं; बाकी १ आली की पास) ती पास होते, आणि ६४१ हा आकडा आम्ही 'जादूने' काढला.

बाकी १ कुठून आली ते आधी. हिंजवडीत कोड लिहिता म्हणालात, तर चलाचा टाइप एकदा बघाच. ३२ बिटांत २^३२ मावत नाही. वरचा बिट गळतो, आत उरतो १, आणि १ला ६४१ने भागलं की बाकी १च. ६४ बिटांचा चल घ्या, नाहीतर सरळ कागदावर ६७,००,४१७ × ६४१ करा. ६००पट ४,०२,०२,५०,२०० आणि ४१पट २७,४७,१७,०९७. बेरीज तुमच्यासमोर आहे.

आता २ची कसोटी. मूळ संख्या ती पास होतेच, पण पास झालेली प्रत्येक संख्या मूळ नसते; ३४१ = ११ × ३१ हीसुद्धा पास होते. इथे तर कसोटीला अर्थच नाही. आपल्या संख्येने भागल्यावर २^३२ची बाकी −१, म्हणून २^६४ची १. तपासायचा घात २^३२, तो ६४च्या पटीत. निकाल आधीच ठरलेला! त्याऐवजी ३ घ्या (ही पेपँची कसोटी): ३१ वेळा वर्ग करा आणि दर वर्गानंतर लगेच बाकी काढा. संख्या मूळ असती तर शेवटी ४,२९,४९,६७,२९६ आले असते. येतात १,०३,२४,३०३. मधले वर्ग २०आकडी होतात आणि एक्सेल १५ आकड्यांपुढे शून्यं भरतं, तेव्हा हे काम पायथनला द्या.

राहिला ६४१. ऑयलरने तो १७३२ साली दाखवला. एखादी मूळ संख्या आपल्या संख्येला भागत असेल, तर २चा ६४वा घात हा बाकी १ देणारा पहिलाच घात ठरतो. म्हणून त्या भाजकातून १ वजा केल्यावर ६४ने भाग जायलाच हवा. पुढे लुकास या गणितज्ञाने ६४चे १२८ केले, म्हणजे १२८नेही भाग जायलाच हवा हे दाखवलं. मग १२८च्या पाढ्यात १ मिळवत जा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांत मूळ फक्त २५७ आणि ६४१. २५७ म्हणजे २^८ + १, त्याने भागलं तर बाकी २ येते हे तोंडीच निघतं. उरला एकच भागाकार. पुणेकराला याहून जास्त काटकसर काय हवी?

तोही टाळता येतो. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ची बाकी −१, चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ची १. दुसऱ्यावरून ५^४च्या जागी −२^४ ठेवा: −२^३२ची बाकी १. झालं.

दुसरा अवयव ६७,००,४१७ मूळ कशावरून, हेही विचारलंत. त्याचं वर्गमूळ २,५८८च्या थोडं पुढे. त्याचा भाजक हा आपल्या संख्येचाही भाजक, म्हणून तोवर त्याच पाढ्यातल्या मूळ संख्या बघायच्या; त्या, २५७ सोडून, चारच: ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२.