शाल कुणाच्या खांद्यावर?

परवा आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटला. गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. गावातल्या पोरांनी दोन वर्षं वर्गणी गोळा करून चार भूमिहीन कुटुंबांची अडकलेली घरकुलं पूर्ण केली. अनुदान तेव्हा एक लाख वीस हजारांचं होतं. वाळू, सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी यांचा मेळ त्यात बसेना, म्हणून भिंती लिंटेलपर्यंत येऊन थांबल्या होत्या. पैसे देणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे होते, आम्ही परदेशातले सहा-सात जण होतो. आता ३० सप्टेंबरला, भूकंपाच्या स्मृतिदिनी, देणगीदारांचा सत्कार करायचा विचार आहे. निम्मा गाव म्हणतो, मंडप, साउंड आणि शाल-श्रीफळावर पैसा घालण्यापेक्षा आणखी एका घराला हातभार लागेल. उरलेला निम्मा म्हणतो, देणाऱ्याचं नाव नाही घेतलं तर पुढच्या खेपेला कोण देईल?

चुलतभावानं फोन केला. "ताई, तू तिकडं राहतीस. तुमच्याकडं कसं करतात?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी कॅलिफोर्नियात, ओकलंडला राहते. इथं स्वस्त भाड्याची घरं बांधणाऱ्या ना-नफा संस्था आहेत. अशाच एका संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमाला मी दोनदा गेले आहे. "अमेरिकेत कुणाला फुकट घर मिळत नाही," असं आपल्याकडे ठासून सांगतात, आणि त्यावरून घरकुलवाल्यांना आळशी ठरवून मोकळे होतात. फुकट मिळत नाही हे खरं. पण १९८६ पासून इथं असा कायदा आहे, की स्वस्त घरांच्या प्रकल्पात पैसा गुंतवणाऱ्याला सरकार करात सवलत देतं. बँका आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी पैसे घालतात, संस्था इमारत उभी करते आणि भाडं कमी उत्पन्नाच्या माणसाला झेपेल असं ठेवतात. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांच्या आत भाडं बसलं तर ते परवडणारं, असा इथला सर्वसाधारण हिशेब. म्हणजे सरकारचा हात इथंही आहेच. तरीसुद्धा ओकलंडच्या हायवेच्या पुलांखाली तंबू ठोकून माणसं राहतात, हेही मी कामावर जाताना बघते. त्यामुळे इथलं सगळं उचलून तिकडं न्यावं, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. या भागाच्या आरोग्य खात्यानं २००८ साली एक अहवाल काढला होता. ओकलंडच्या टेकड्यांवर जन्मलेल्या गोऱ्या मुलाच्या तुलनेत पश्चिम ओकलंडच्या सखल वस्तीत जन्मलेल्या काळ्या मुलाचं अपेक्षित आयुष्य जवळजवळ पंधरा वर्षांनी कमी, असं त्यात होतं. शहर एकच, अंतर गाडीनं काही मिनिटांचं. ते वाचल्यावर कळलं, की नुसत्या चार भिंती देऊन भागत नाही. जवळ ताजी भाजी मिळते का, दवाखाना आहे का, मुलांना खेळायला जागा आहे का, शेजारी एकमेकांना ओळखतात का, हे सगळं घराच्याच हिशेबात धरावं लागतं. या संस्था वस्तीच्या आरोग्याची भाषा करतात ती यासाठी.

कार्यक्रमात आधी मोठ्या देणगीदारांचा मान असतो. कंपन्या अख्खं टेबल विकत घेतात, त्यातूनच वर्षाचा निधी उभा राहतो. हे मला खटकलं आणि अजूनही खटकतं. ज्या धंद्यांच्या भरभराटीनं या परिसरातली भाडी आभाळाला भिडली, त्यांच्यातलेच काही जण मंचावर टाळ्या घेतात. पण त्याच मंचावर नंतर एक सत्तरीच्या बाई आल्या. त्या संस्थेच्या इमारतीत भाड्यानं राहतात. दर मंगळवारी त्या धान्याच्या पिशव्या घेऊन दारोदार फिरतात. कुणाचं दार दोनदा वाजवूनही उघडलं नाही तर ते त्यांनाच आधी कळतं. एका म्हाताऱ्याला त्यामुळे वेळेत दवाखान्यात नेता आलं होतं. मानपत्र हातात घेऊन त्या एवढंच म्हणाल्या, की आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांची नावं यावर मावली नसती. मला एकदम आमची जुनी गल्ली आठवली.

१९९३ साली मी नऊ वर्षांची होते. विसर्जनाची रात्र, मोठी माणसं उशिरा येऊन झोपलेली. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी माळवदाची घरं बसली. वर हातभर माती, खाली दगड-मातीच्या जाड भिंती. आजी त्यातच गेली. पुढं बावन्न गावं नव्या जागी वसवली, त्यात आमचंही. जागतिक बँकेचं कर्ज होतं, देशभरातून संस्था धावून आल्या, कुणी गावं दत्तक घेतली. आमच्या कमानीवर आजही त्या संस्थेचं नाव आहे. ते तिथं असावं, आणि त्या नावाला मी दरवेळी हात जोडते.

घरं मिळाली ती जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. आमच्या गावात एका मापाची घरं एका ओळीत आली आणि गल्ली मोडली. जुन्या घरात माय उंबऱ्यावरून हाक मारायची तर तीन घरांतून 'ओ' यायची. नव्या गावात रुंद सरळ रस्ता, भर उन्हात चार घरं ओलांडून जायला बायकांचा जीव नको म्हणायचा. झाडं लावली, ती वाढायला दहा-बारा वर्षं गेली. तोवर त्या रोपांना डोक्यावरून पाणी घातलं ते बायकांनीच. त्यांचं नाव कुठल्या कमानीवर नाही.

माझी मावशी शेजारच्या गावची. ते गाव हलवलं नव्हतं, तिथं घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. त्या कामात सरकारनं गावच्या महिला मंडळातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून घेतलं होतं. चौथी शिकलेली मावशी डायरी घेऊन घरोघर फिरायची. माळवदावरची माती उतरवली का, दगडी भिंतीला आरपार भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरलं का, हे ती बोट घालून बघायची. इंजिनिअर नुसती सही करून निघाला तर त्याला परत बोलवायची. "तुमची सही भिंत धरून ठेवणार हाय का?" असं तिनं एकाला सगळ्यांसमोर विचारलं होतं. गवंडी तिला टरकून असायचे. त्या भिंती आजही उभ्या आहेत.

म्हणून दादा, माझं मत असं. सत्कार जरूर करा. खर्च वाचवायचा तर मंडप नको, शाळेपुढच्या लिंबाच्या सावलीत सकाळी करा. देणगीदारांची नावं एका कागदावर वाचून दाखवा, ती चार मिनिटांत होतील. आम्ही पैसे दिले, ते आम्हाला जमण्यासारखं होतं. शाल मात्र त्या गवंड्याला द्या, ज्यानं दोन घरांची मजुरी दिवाळीनंतर घेतली. ज्या काकूंनी सहा महिने आपल्या बोअरचं पाणी बांधकामाला दिलं, त्यांना द्या. ग्रामसेवकाकडे आणि पंचायत समितीत हप्त्यासाठी चकरा मारून ज्या पोरानं आपली रोजंदारी बुडवली, त्याला द्या. आणि घर मिळालेल्या चौघींपैकी कुणाला बोलायचं असेल तर माइक आधी तिच्या हातात द्या. आभार मानायला लावू नका. नळ कधी येतो, गटार कुठं तुंबतं, रात्री खांबावरचा दिवा लागतो का, हे तिला बोलू द्या आणि सरपंचांनी ते तिथंच लिहून घ्यावं. पुढची वर्गणी कशासाठी काढायची, ते त्यातनं कळेल.

काल मावशीला फोन लावला. म्हटलं, ३० तारखेला आमच्या गावाला येशील का, तुला शाल द्यायची आहे. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्यासंगं डायरी घेऊन हिंडणाऱ्या तिघीजणी हायेत अजून. एकीला आता दिसत नाही. गाडी पाठवा म्हणावं, सगळ्या मिळून येतो."