‘1098 बंद झालाय, मूल डोंगरीला टाकतात’: या फॉरवर्डमध्ये खरं किती?

मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचा सारांश असा: 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन बंद पडलीय, मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार केली की मूल डोंगरीच्या ‘रिमांड होम’मध्ये अडकतं, पुरावा हातात आल्याशिवाय पोलिसांकडे जाऊ नका, कोर्टात मुलाला आरोपीसमोर उभं करतात.

1098 चालू आहे. हा नंबर मुंबईचाच: 1996 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून, रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू झाला. ‘दस-नौ-आठ’ म्हटलं की पोरांच्या तोंडात बसायचा. 2023 मध्ये त्याचा कारभार संस्थांकडून सरकारकडे गेला आणि तो 112 या आपत्कालीन नंबरशी जोडला गेला. चालवणारे बदलले, नंबर तोच.

डोंगरीची धास्ती मात्र उगाच नाही. ती जागा खरोखर तुरुंगाची. 1882 मध्ये टिळक-आगरकरांनी तिथेच 101 दिवस काढले. 1924 चा मुंबईचा बालक कायदा, मग 1927 ची चिल्ड्रन्स एड सोसायटी, असं करत तिथे मुलांची व्यवस्था उभी राहिली. भिंती जुन्याच, त्यामुळे नावाचा डागही गेला नाही. पण आज कायद्यात निरीक्षणगृह वेगळं (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी) आणि बालगृह वेगळं (काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी). अत्याचार करणारा बाहेरचा आणि घर सुरक्षित असेल, तर मूल घरीच राहतं. संशय घरातल्याच माणसावर असला, तर पोलिसांनी 24 तासांत मुलाला बालकल्याण समितीपुढे आणायचं आणि घरातून हलवायचं का, हे समितीने तीन दिवसांत ठरवायचं. त्यात मुलाची इच्छाही विचारात घ्यावी लागते.

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला पुराव्याचा. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम 19 प्रमाणे गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची शंका आली, तरी कळवणं बंधनकारक आहे. पुरावा शोधणं हे पोलिसांचं काम. तक्रार नोंदवायला नकार देणारा पोलीसही कलम 21 खाली शिक्षेला पात्र ठरतो. वाट पाहण्यात खरा पुरावाच जातो: आई घाबरून मुलाला आंघोळ घालते, कपडे भिजत टाकते. कपडे धुऊ नका. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना बिघडतो. शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेता येतात, एचआयव्ही-प्रतिबंधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. एफआयआर नसला तरी वैद्यकीय तपासणी होऊ शकते (कलम 27), मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आणि उपचार मोफत. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ असं कुणी म्हणालं, तर हेच कलम दाखवा. मुदत उलटून गेली असली तरी जा; जबाब आणि उपचार यांचं मोल कमी होत नाही.

जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, अधिकारी गणवेशात नको. कोर्टात पडदा किंवा व्हिडिओची सोय असते. वकिलाचे प्रश्नही न्यायाधीशांमार्फतच विचारले जातात. साक्ष 30 दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षात संपवावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, मेसेजवाल्याने हे लिहिलं असतं तर वाद नव्हता. म्हणूनच पहिल्याच आठवड्यात बालकल्याण समितीकडे ‘सहाय्यक व्यक्ती’ (तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणारी) लेखी मागून घ्या; पुढची तारीख कधी, आरोपीला जामीन झाला का, हे तुम्हाला कळवत राहणं पोलिसांचं आणि तिचंही काम आहे.