चिठ्ठी अशी खरडावी

दवाखाना थाटलात, बाहेर पाटी लागली, पेढे वाटून झाले. आता जरा अक्षराकडे बघू. शाळेत बाईंनी घोटून घेतलेलं वळण आधी विसरा. चिठ्ठीवरचं नाव पेशंटला वाचता आलं तर तो घरी जाऊन गूगल करणार आणि पुढच्या खेपेला तुम्हालाच शिकवणार.

औषधाचं पहिलं अक्षर ठसठशीत काढावं. मग एक लांबलचक लाट, शेवटी शेपूट. मधलं मेडिकलवाला भरून घेतो. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये एका दमेकऱ्याच्या छातीत संसर्ग झाला म्हणून डॉक्टरांनी अमॉक्सिल लिहिलं. दुकानात ते डाओनिल वाचलं गेलं. पहिलं अँटिबायोटिक, दुसरी रक्तातली साखर उतरवणारी गोळी. माणसाला मधुमेह नव्हताच. मेंदूला कायमची इजा झाली. न्यायालयानं दोष वाटून दिला: औषधविक्रेत्याचा ७५ टक्के, डॉक्टरांचा २५. पाहिलंत? हात तुमचा आणि बारा आणे भुर्दंड दुसऱ्याला.

‘ध’चा ‘मा’ करायला आनंदीबाईंना निदान लेखणी उचलावी लागली, अशी आख्यायिका आहे. तुम्हाला तेवढेही कष्ट नाहीत. धरावे की मारावे, हे वाचणाऱ्यानं आपल्या बुद्धीनं ठरवावं.

आकड्यांत तर फारच वाव आहे. इन्सुलिनचे १० युनिट लिहिताना ‘युनिट’ हा शब्द पुरता लिहू नये. नुसता इंग्रजी यू काढावा आणि त्याचं तोंड जरा मिटू द्यावं. लगेच शंभर! रक्त पातळ करणारी वॉरफरिन एक मिलिग्रॅम द्यायची असेल तर १.० लिहावं. टिंब पुसट उमटलं की झाले दहा. अर्ध्या मिलिग्रॅमला टिंबाआधी शून्य देण्याची उधळपट्टी कशाला? नुसतं .५ पुरे; टिंब उमटलं नाही तर पाच, म्हणजे थेट दहापट.

संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटला मात्र वेगळी कारागिरी लागते. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. जोडीला फॉलिक ॲसिड असतं आणि पुष्कळदा दोन्ही गोळ्या इवल्याशा, पिवळ्याच. तेव्हा ‘दर सोमवारी’ असं चुकूनही लिहू नका. एकीकडे बोट दाखवून “ही आठवड्याची हं” म्हणा आणि घंटी वाजवा. घरी जाऊन कुणी ती रोज घेतली तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जा रक्तपेशी बनवेनाशी होते, जीवही जातो. पण सांगितलं होतं ना आपण, तोंडी?

नियमांची धास्ती नको. औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं मेडिकल कौन्सिलनं २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. त्या ‘शक्यतो’मध्ये अख्खी ओपीडी मावते. २०२५ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयापुढे जामिनाच्या एका प्रकरणात वैद्यकीय अहवाल आला आणि न्यायमूर्तींना त्यातलं अक्षर लागेना. वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं त्यांनी म्हटलं. असेल. पण न्यायमूर्तींसारखे चिकाटीनं वाचायला बसणारे कितीसे?

आमची आत्या नाही बसत. गेल्या पावसाळ्यात तिच्याबरोबर मेडिकलमध्ये गेलो होतो. काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी ट्यूबलाइटखाली धरली, आडवी केली, मग मालकांपुढे सरकवली. मालकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. “पहिलं अक्षर जी दिसतंय,” एवढं त्यांच्यानं झालं.

“डॉक्टरांना फोन लावा की,” मी म्हटलं.

“आत्ता ओपीडी चालू असेल. चिडतात.”

“आत्या, तू का नाही विचारलंस तिथेच?”

“अरे, बाहेर केवढी माणसं ताटकळलेली! आणि त्यांनी इतकं भराभर लिहिलं, म्हणजे त्यांना पाठच असणार.”

पोरगा तोवर दोन पट्ट्या घेऊन आला होता. दोन्ही नावं जी-नंच सुरू होणारी. एक उजव्या हातात, एक डाव्या.

“काकू, शुगर आहे का तुम्हाला?”

“नाही रे बाबा, अजून तरी नाही.”

“मग ही नसेल,” म्हणाला, आणि उजव्या हातातली परत खणात टाकली.