आधी बग नीट मांडू द्या, कोड मागून येईलच

सर, नमस्कार. तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या कामात, उतरणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी कोडला हात घालू नये, आधी बग (प्रोग्रॅममधले दोष) नोंदवावेत, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमच्या मते ही पळवाट आहे. मुलं रीडमी या माहितीच्या फाइलमधला एखादा स्वल्पविराम बदलतात, बायोडेटात ‘ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युटर’ लिहितात आणि प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरच्या डोक्याला ताप होतो. मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवताना हे दरवर्षी दिसतं, असं तुम्ही लिहिलंय.

स्वल्पविरामाबद्दल आपलं एकमत आहे. हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमात २०२०मध्ये चार पुल रिक्वेस्टवर (आपला बदल स्वीकारा, अशा विनंत्यांवर) टी-शर्ट होता. निरर्थक बदलांचा एवढा लोंढा आला की ऑक्टोबर सुरू असतानाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला, तिथलेच बदल धरायचे. पण सर, तो लोंढा पुल रिक्वेस्टचा होता. काही न तपासता थेट बदल पाठवण्याच्या घाईतून तो आला. मी त्याच घाईला विरोध करतोय.

आता बग नोंदवणं कमी दर्जाचं काम आहे का, ते बघा. ‘ॲडव्होकेट’मधला ‘ॲ’ दोन प्रकारे साठवला जातो. एक म्हणजे युनिकोडमधलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतलं, ०९७२ हे स्वतंत्र चिन्ह, २००८मध्ये आलेलं. दुसरा प्रकार ०९०५ आणि ०९४५, म्हणजे ‘अ’वर चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि अशी वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं नेहमीचं नॉर्मलायझेशन लावलं तरी एक होत नाहीत. गोरेगावच्या एखाद्या सोसायटीत सभासदांची यादी एका कीबोर्डवर टाइप झाली आणि शोध दुसऱ्या कीबोर्डवरून घेतला, तर नाव समोर असून सापडत नाही. ‘करणाऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चीही हीच गत: कुणी ‘ऱ’ला हलन्त लावतं, कुणी साध्या ‘र’ला हलन्त आणि मागे जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. मराठी न वाचणाऱ्या मेंटेनरला हे कधी दिसणारच नाही. मराठी माध्यमातून आलेल्या तुमच्या विद्यार्थ्याला चटकन दिसेल. त्याने ताज्या आवृत्तीवर तपासून, जुन्या नोंदी चाळून, अक्षरांचे दोन्ही क्रम आकड्यांसकट दिले आणि काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय झालं हे चार ओळींत लिहिलं, तर निम्मं काम तिथेच झालं. याला पळवाट म्हणणं मला मान्य नाही.

याच्या पुढची पायरी गिट बायसेक्ट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमधली शोधाची सोय. आधी चालणारी गोष्ट बिघडली असेल, तर चांगली आणि बिघडलेली आवृत्ती सांगायची. गिट मधली आवृत्ती काढून देतं, आपण ती चालवून ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ म्हणायचं. हजार कमिट (नोंदवलेले बदल) असले तरी साधारण दहा तपासण्यांत दोषी कमिट हाती लागतो. त्यासाठी आतला कोड समजावाच लागतो असं नाही. प्रोग्रॅम बिल्ड करून चालवता आला पाहिजे. तेवढं जमलं की तो कमिट वाचायची उत्सुकता आपोआप येते आणि कोड शिकण्याचा यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही.

कोड पाठवायची वेळ आली की प्रकल्पाची कॉन्ट्रिब्युटिंग फाइल, म्हणजे बदल कसे पाठवायचे ते सांगणारी, वाचायची, इश्यूवर (त्या बगच्या नोंदीवर) आपला विचार आधी मांडायचा, एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल ठेवायचा आणि सोबत तो बदल तपासणारी टेस्ट द्यायची. आठवडाभर उत्तर आलं नाही तर नम्रपणे एकदा आठवण करायची, रोज नाही.

ज्यांना थेट कोडच लिहायचाय, त्यांना पवईला आयआयटीतल्या फॉसी या शिक्षणात ओपन सोर्स आणणाऱ्या प्रकल्पाचं काम दाखवा. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या आकडेमोडीच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढण्याचं काम तिथे विद्यार्थ्यांनीच केलंय. अभ्यासक्रमाला धरून आहे, त्यामुळे उत्तर बरोबर की चूक हे तुम्हालाही लगेच तपासता येईल.

एक विनंती. पुढच्या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टमध्ये पुल रिक्वेस्टची संख्या मोजू नका. दुसऱ्याला तंतोतंत करून बघता येईल अशा एका बग-नोंदीला गुण द्या. नोंदी पाठवण्याआधी कुणीतरी वाचायला हवं असेल तर मला कळवा. शनिवारी दुपारी मी मोकळा असतो, कॉलेजात येईन.