अकरा आधी, अकरा नंतर

विषय निघाला होता सेरेना विल्यम्सवरून, जाऊन अडकला नव्वदच्या दशकातल्या मोनिका सेलेसवर. आमच्या कट्ट्यावर टेनिसचं असंच होतं.

"स्टेफी ग्राफची २२ ग्रँडस्लॅम मोजा एकदा," पिंट्यानं काडी टाकली. "हॅम्बुर्गला मोनिकाला कोर्टवर सुरा मारला, त्याच्या आधी ११, नंतर ११. काय ते समजा."

मास्तर कट्टर स्टेफीभक्त. आधी बोटांवर मोजून घेतलं (हिशेब बरोबर निघाला), मगच चढले. "म्हणून नंतरची काय चोरीची? ८८ साली चारही स्लॅम, वर ऑलिंपिकचं सोनं. तेव्हा कुठे होती तुझी मोनिका?"

"चौदा वर्षांची होती हो ती!"

"आणि ९२ चं विम्बल्डन? ६-२, ६-१!"

"ओरडते ओरडते म्हणून पेपरवाल्यांनी पार जीव खाल्ला तिचा. फायनल तोंड मिटून खेळली बिचारी. बाकीच्या फायनल का नाही सांगत? हल्ल्याआधी स्लॅमच्या फायनलला दोघी चारदा भिडल्या, तीन मोनिकाच्या. वीस पुरी व्हायच्या आत आठ स्लॅम!"

इतका वेळ गप्प असलेला वकील मध्ये पडला. "३० एप्रिल १९९३. मालिवाविरुद्ध ६-४, ४-३ नं पुढे. खुर्चीत बसून पाणी प्यायला जरा वाकली, तेवढ्यात मागून सुरा. वाकली म्हणून मणका वाचला. आणि सुरा मारणाऱ्या त्या माणसाला शिक्षा काय? दोन वर्षं, तीही स्थगित. शिक्षा म्हणून एक दिवस तुरुंगात नाही. पुन्हा जर्मनीत पाय ठेवून खेळली नाही ती."

"त्याला स्टेफीच नंबर एक हवी होती," पिंट्या म्हणाला, "आणि जूनमध्ये झालीसुद्धा."

"त्यात स्टेफीचा काय दोष?" मास्तरांचा आवाज मात्र उतरला होता.

मला या वादाचा खरं तर कंटाळा आलाय. दोघांनाही मोनिका लागते ती स्टेफीच्या खात्यात वजाबाकी करायची की नाही, एवढ्यापुरती. युगोस्लाव्हियातल्या नोव्ही सादमधली ती पोर, व्यंगचित्रकार बाप चेंडूवर चित्रं काढून द्यायचा आणि ती त्यांना बदडायची, दोन्हीकडून दोन्ही हातांनी. सव्वादोन वर्षांनी परतली तर पहिलीच स्पर्धा, टोरांटोची, मारली. ९६ ची ऑस्ट्रेलियन ओपनही. ९८ च्या मे महिन्यात बाप गेला. तीन आठवड्यांत पॅरिसची फायनल गाठली, गळ्यातल्या साखळीत त्याची अंगठी. सेमीला हिंगिसला, म्हणजे तेव्हाच्या एक नंबरला, ६-३, ६-२. हे कट्ट्यावर कधी निघतच नाही.

मी हे सगळं बोलून दाखवलं. जरा शांतता पसरली.

"९५ ची यूएस ओपन फायनल आठवते?" पिंट्या हळूच म्हणाला. "स्टेफीविरुद्ध. पहिल्या सेटचा टायब्रेक, ६-५, मोनिकाला सेट पॉइंट, म्हणजे आणखी एक गुण की सेट तिचा. सर्व्हिस टाकली, तिला वाटलं एस, म्हणजे थेट गुण, सेट खिशात. पंचानं बाहेर दिली. सेट गेला. दुसरा ६-०, तरी मॅच गेली."

मास्तर घरी जायला उठले होते, ते पुन्हा टेकले.

"रेघेला लागली होती का रे?"

"तेव्हा चेंडू कुठे पडला ते कॅमेऱ्यानं दाखवणारं हॉक-आय कुठे होतं?" वकील म्हणाला.

"असतं तर..." पिंट्यानं सुरुवात केली, आणि मी घड्याळ बघितलं.