सीव्ही जॉइंट वाटेल तो कोन खातो? नाही खात

चिपळूण-कुडाळकडे घरी बग्गी (सांगाड्याची, खडबडीत रस्त्यावर पळवायची छोटी गाडी) बांधणाऱ्यांत एक सल्ला फिरतोय: ‘मारुती ८००चं इंजिन-गिअरबॉक्स अख्खं उचला, मागे बसवा. सीव्ही जॉइंट कुठलाही कोन खातो. टायर मोठे लावा. ॲक्सल बसत नसेल तर कापून वेल्ड करा.’

सीव्ही जॉइंट म्हणजे गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे ॲक्सलच्या, दोन टोकांचे वळणारे सांधे. उचलून मागे बसवणं ठीकच आहे. डिफ (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शिअल) गिअरबॉक्सच्या पोटातच असतो, पार्ट कुठेही मिळतात. फक्त दिशा मूळचीच ठेवा. जागेसाठी इंजिन १८० अंशांत फिरवलंत, तर पुढे जायला एकच गिअर उरेल आणि मागे जायला बाकीचे सगळे.

कोनाचं विधान मात्र साफ चूक. चाकाकडचा बॉल जॉइंट स्टिअरिंगसाठी बनलेला, म्हणून ४५ अंशांच्या आसपास वळतो. गिअरबॉक्सकडचा ट्रायपॉड (तीन रोलरचा जॉइंट) आत-बाहेर सरकतो, पण त्याची मजल साधारण २३-२५ अंशांपर्यंत, तीही क्षणभरासाठी. सतत चालताना ७-८ अंशांच्या आत राहा. प्रत्येक फेरीत रोलर खाचेत पुढे-मागे घासतो; कोन वाढला की उष्णता वाढते आणि जोर देताना गाडी थरथरते. बुटाच्या (जॉइंटवरच्या रबरी आवरणाच्या) घड्याही एकमेकींवर घासून फाटतात. मग जांभ्याची धूळ आणि खारं पाणी ग्रीसमध्ये गेलं की जॉइंट संपलाच.

हिशेब करून बघा. दोन जॉइंटमधलं आडवं अंतर ३५० मिमी आणि चाकाकडचा जॉइंट गिअरबॉक्सकडच्यापेक्षा ६० मिमी खाली, तर कोन ९.७ अंश. सीटला जागा हवी म्हणून इंजिन ८० मिमी मागे सरकवलं की ६० खाली आणि ८० मागे हे काटकोनातले दोन्ही फरक मिळून १०० मिमी होतात, कोन जातो १६ अंशांवर. चाक आणखी ८० मिमी लोंबलं की २५! हा पुढे-मागेचा फरक बहुतेकजण मोजतच नाहीत. दोन्ही ॲक्सल सारखे नसतात. आखूड बाजूचाच कोन धरा.

तपासायला स्प्रिंग काढा, जॅकने चाक वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत न्या आणि दर २० मिमीला हब (चाक जिथे बसतं तो भाग) हाताने फिरवा. कुठे अडकलं तर चाकाचं लोंबणं पट्ट्याने रोखा. ट्रायपॉड दोन्ही टोकांना किमान ५ मिमी मोकळा हवा. वरच्या उदाहरणात चाक ते ८० मिमी सरळ खाली गेलं तरी ॲक्सल २१ मिमी बाहेर ओढला जातो.

टायरचं थोडक्यात: मूळच्या १४५/७० आर१२च्या जागी २०५/६५ आर१५ लावला की व्यास सुमारे २७ टक्के वाढतो, चाकावरचा जोर २० टक्क्यांहून जास्त घटतो. काजूच्या बागेतल्या चढावर क्लच जळतो.

वेल्डिंग अजिबात नको. ॲक्सलचा पृष्ठभाग कडक केलेला असतो. उष्णतेने वेल्डशेजारचा भाग कुठे मऊ, कुठे ठिसूळ होतो आणि तिथेच तुटतो. ईएन२४ या मिश्र पोलादाचा नवा शाफ्ट स्प्लाइन (जॉइंटमध्ये बसणारे दाते) कापून, हीट ट्रीटमेंट करून घ्या. त्याची लांबी गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, ट्रायपॉड मधोमध ठेवून मोजा, नि मगच लेथवाल्याकडे जा.