गेम खेळायचा कन्सोल घ्यायचा तरी कधी?

पहिल्याच दिवशी घ्यावा, तर खेळायला धड चार गेम नसतात. थांबावं, तर थांबण्याला अंतच नाही. प्लेस्टेशन ५ आला २०२० मध्ये, त्याचंच ‘स्लिम’ मॉडेल २०२३ मध्ये, ‘प्रो’ मॉडेल २०२४ मध्ये. यातला आपण घ्यायचा कुठला? पूर्वी निदान धीर धरला की किंमत उतरायची. २०२२ मध्ये तर जवळपास दोन वर्षं जुन्या यंत्राची किंमत अनेक देशांत चक्क वाढवली! म्हणजे जो थांबला त्यालाच भुर्दंड.

काल पुन्हा सगळं कार्टमध्ये टाकलं, जास्तीचा कंट्रोलरसुद्धा. पैसे भरायच्या पानापर्यंत गेलो आणि ‘नवीन मॉडेल येतंय’ ही कुजबुज वाचून बोट थबकलं. तिसऱ्यांदा! अहो, आम्हाला फक्त खेळायचंय. मित्र ज्या गेमबद्दल तासन्‌तास बोलतात, तो मी अजून सुरूही केलेला नाही.